गोगलगायींचा संगमरवर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मुलीकडे साउदॅम्प्टनला तीन महिने राहून आले, तेव्हापासून "काय काय पाहिलंस ते सविस्तर लिही" असा नातेवाइकांचा लकडा चालू आहे. पण प्रवासवर्णन काही मला जमत नाही. (लंडनचा राजवाडा बाहेरून पाहिला, मोठा आहे. झालं!) त्यापेक्षा एका दगडाबद्दल लिहिते. हा दगड पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाही, आणि त्याला कारण आहे. ते कारण जरा पुढे सांगेन.

साउदॅम्प्टनहून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर सॉल्झबरी नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये मॅग्ना कार्टाची एक मूळ प्रत ठेवलेली आहे. १२१५ सालच्या अशा चारच प्रती आज शिल्लक आहेत. आता बघा, मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. "मॅग्ना कार्टा, १२१५, राजा जॉन" हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, त्याची गणती नाही. ती सनद डोळ्यांनी पाहायची म्हणून मी मुलीच्या मागेच लागले. जावईबापूंना सुट्टी नव्हती, म्हणून मुलगी, नऊ वर्षांचा नातू आणि मी असे तिघे निघालो.

सनद पाहिली. बारीक अक्षरांतलं चामड्यावरचं लिखाण. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! पण नातवाला त्यात काय रस असणार? तो केव्हाच सटकून कॅथेड्रलच्या मुख्य भागात गेला होता. मी त्याला शोधत गेले तर हा एका काळसर खांबाला नाक लावून उभा.

"आजी, इकडे ये. या खांबात गोगलगायी आहेत."

मी म्हणणारच होते की चल, उशीर होतोय. पण तोंडातून शब्द निघाला नाही. याच वयाच्या आसपासचा दुसरा एक मुलगा एकदम डोळ्यांसमोर आला. मी मुकाट्याने चष्मा पुसला आणि त्याच्याशेजारी वाकले.

खरंच होतं हो! लांबून तो खांब नुसता काळपट, तेल लावल्यासारखा चकचकीत दिसतो. जवळून पाहिलं की त्यात वाटाण्याएवढे शेकडो, हजारो शंख. काही आडवे कापले गेलेले, ते गोल वेटोळ्यासारखे. काही उभे कापलेले, त्यांचे एकावर एक चढत जाणारे मजले दिसतात. काही नुसते चंद्रकोरीसारखे. कारागिराची करवत जशी गेली तसा जो तो शंख कापला गेला. तिथे रिकामी जागा म्हणून नाही. दिवाळीच्या चिवड्यात चमचा घातला की सगळ्या बाजूंनी काही ना काही वर येतं, तसं.

या दगडाचं नाव पर्बेक मार्बल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पर्बेक नावाचा भाग आहे, तिथून तो येतो. त्या भागाला 'आइल ऑफ पर्बेक' म्हणतात, पण ते बेट नाही; जमिनीला जोडलेलंच आहे. आणि 'मार्बल' म्हणतात, पण तो संगमरवरही नाही! नावातले दोन्ही शब्द खोटे. मला मोठी गंमत वाटली.

खरा संगमरवर म्हणजे चुनखडीचा दगड जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पार बदलून गेलेला, आपल्या मकराण्याच्या दगडासारखा. त्या बदलात जुने शंख-शिंपले नाहीसे होतात, त्यांचे नवे स्फटिक बनतात. पर्बेकचा दगड या भट्टीतून गेलाच नाही. तो साधा चुनखडीचा, गाळाचा दगड. आपल्या घरातली शहाबादी फरशी चुनखडीचीच, तसा. फक्त तो इतका घट्ट आहे की घासल्यावर त्याला चकाकी येते. जुन्या काळी जो दगड चकाकतो तो मार्बल, एवढीच व्याख्या होती. म्हणजे हा दगड खराखुरा संगमरवर झाला असता तर त्यातल्या गोगलगायी आम्हाला दिसल्याच नसत्या.

या गोगलगायी सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या. तिथे तेव्हा उथळ तळी आणि पाणथळ जागा होत्या. त्या पाण्याच्या तळाशी व्हिव्हिपेरस नावाच्या गोगलगायी राहत. 'जिवंत पिल्लांना जन्म देणारी' असा त्या नावाचा अर्थ; अंडी बाहेर न घालता त्या पिल्लंच बाहेर सोडतात. आपल्याकडच्या तळ्यांत आणि भातखाचरांत ज्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी दिसतात, त्यातल्या काही याच कुळातल्या. म्हणजे अगदी सामान्य, चिखलातला जीव. मेल्या, तळाशी साचल्या, गाळाखाली दबल्या, शंखांच्या पोकळीत चुना भरला आणि त्याचा दगड झाला. असे थर पर्बेकमध्ये आहेत, पण फार पातळ, बऱ्याच ठिकाणी हात-दोन हात जाडीचे.

थर पातळ असल्यामुळे कारागिरांपुढे एक अडचण होती. उंच खांब करायचा तर तेवढ्या जाडीचा दगडच मिळत नाही. मग त्यांनी काय केलं, तर दगड थराच्या लांबीने कापला, त्याचे बारीक, लांब दंड केले आणि ते उभे केले. दगड जमिनीत जसा आडवा पडलेला असतो तसाच बांधकामात ठेवला तर भार चांगला पेलतो. उभा केला की थराच्या रेषेने चिरायची भीती. म्हणून मोठा भार पांढरट दगडाच्या मुख्य खांबावर घ्यायचा आणि त्याच्याभोवती हे काळे, सडपातळ दंड शोभेला लावायचे. एक दंड पुरला नाही की त्यावर दुसरा, आणि सांध्यावर एक कडं. आपल्याला ती कडी नक्षी वाटतात. पण ती मुळात दगडाच्या तुटपुंज्या लांबीवर काढलेली तोड आहे. (बायकांना हे लगेच कळेल. कापड कमी पडलं की परकराला काठ लावतातच ना!)

सॉल्झबरीचं कॅथेड्रल १२२० साली सुरू झालं आणि १२५८ साली त्याचं विधिपूर्वक अर्पण झालं. अडतीस वर्षांत एवढं मोठं देऊळ उभं राहिलं, हे त्या काळी नवलच. अ‍ॅलिस ब्रुअर नावाच्या एका जमीनदार बाईंनी आपल्या खाणीतून बारा वर्षं पुरेल एवढा पर्बेकचा दगड दान दिला, असं तिथे सांगतात. वर्षात जितके तास तितके संगमरवरी खांब या देवळात आहेत, अशी तिथली जुनी म्हण आहे. म्हणजे ८७६०! आम्ही काही मोजले नाहीत, पण नातवाने सुरुवात केली होती. पुढच्या शतकात त्यावर १२३ मीटर उंच मनोरा चढवला, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. त्याच्या भाराने मधले खांब वाकलेत, हे खाली उभं राहून मान वर केली की नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

घरी येऊन मी या दगडाचा नाद लावून घेतला. (निवृत्त माणसाला दुसरं काम काय?) तर तो सगळीकडे निघाला. इंग्लंड रोमन लोकांच्या ताब्यात होतं तेव्हापासून तो वापरात आहे. चिचेस्टर गावात १७२३ साली एक रोमन शिलालेख सापडला, नेपच्यून आणि मिनर्व्हा या देवतांच्या देवळाचा, तो याच दगडावर कोरलेला. लंडनच्या टेंपल चर्चचं ११८५ साली अर्पण झालं, त्यात हेच खांब. ज्या जॉन राजाची सनद पाहायला मी गेले होते, त्याच्या वूस्टरमधल्या समाधीवर त्याची झोपलेली मूर्ती आहे, तीही याच दगडाची. आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जिथे इंग्लंडच्या राजाला मुकुट घालतात, तिथे १२६८ साली केलेली रंगीबेरंगी दगडांची फरशी आहे. इटलीत अशा फरशीत रंगीत तुकडे पांढऱ्या संगमरवरात बसवतात. इथे ते पर्बेकच्या दगडात बसवले आहेत. ६ मे २०२३ रोजी चार्ल्स राजाचा राज्याभिषेक त्याच फरशीवर झाला. मी तो इथे टीव्हीवर पाहिला होता, सगळ्यांचे झगे पाहिले, पण राजाच्या खुर्चीखाली गोगलगायी आहेत हे मला काय माहीत!

एका रविवारी जावयांनी गाडी काढली आणि आम्ही पर्बेकलाच गेलो. कॉर्फ नावाचं गाव आहे. टेकडीवर पडका किल्ला, तो १६४६ साली पार्लमेंटच्या सैन्याने जिंकून सुरुंगाने उडवला. पण मला किल्ल्यापेक्षा खालचं गाव पाहायचं होतं. मध्ययुगात दगड घडवणारे कारागीर याच गावात राहत. खाणीतून दगड इथे यायचा, घडवला जायचा, मग ओवर नावाच्या धक्क्यावरून जहाजाने लंडनला किंवा जिथे मागणी असेल तिथे जायचा.

या कारागिरांची एक पंचायत आहे, आणि ती आजही भरते. त्यांचे नियम लिहिलेला जुना कागद १६५१ सालचा. ईस्टरआधीचा उपासाचा महिना-दीड महिना सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी सगळे कॉर्फला जमतात. नवा माणूस पंचायतीत घ्यायचा तर तो सदस्याचा मुलगाच हवा, असा जुना नियम. त्याने साडेसहा शिलिंगांच्या वर थोडी फी, एक पाव आणि बिअरचा मग आणायचा. लग्न झालं की कारागिराने पंचायतीत एक शिलिंग भरायचा. का, तर उद्या तो गेला तर त्याच्या बायकोला शिकाऊ मुलं कामाला ठेवून धंदा चालवता यावा. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडच्या बलुतेदारीतही मुलगा बापाचंच काम उचलायचा. पण विधवेची अशी लेखी सोय मी तरी ऐकली नव्हती.

आणखी एक गंमत. त्या दिवशी ओवरच्या धक्क्यापर्यंत चेंडू लाथाडत न्यायचा आणि तिथल्या जमीनमालकाला एक पौंड मिरे द्यायचे, म्हणजे वाटेवरचा हक्क शाबूत राहतो, अशी प्रथा. मिरे! मध्ययुगात मिरे म्हणजे मलबारचे. तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची मिरी कुठल्या कुठे जाऊन दगडाच्या वाटेचं भाडं फेडत होती बघा.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते आता. खाणीतून निघालेला पर्बेकचा दगड अगदी सामान्य दिसतो. मळकट, राखाडी-हिरवट. तो रस्त्यात पडला असता तर मी ठेच लागली म्हणून चरफडले असते. त्याला किंमत आली ती घासण्याने. वाळू आणि पाणी घेऊन घासायचं, मग आणखी बारीक वाळूने, मग आणखी बारीक. दिवसच्या दिवस. तेव्हा कुठे तो काळा होतो, चमकतो आणि आतले शंख वर येतात. आणि ही चमक कायमची नसते. दगड ओलीत, उघड्या हवेत राहिला की चकाकी जाते, पुढे पापुद्रे सुटतात. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅबीतल्या राजांच्या समाध्या अशाच झडायला लागल्या, तेव्हा गिल्बर्ट स्कॉट या वास्तुतज्ज्ञांनी त्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे थर दिले. म्हणजे या दगडाचा मान दगडात कमी आणि तो घासणाऱ्या, जपणाऱ्या हातांत जास्त. हात थांबले की तो पुन्हा चिखल व्हायला निघतो.

आता ते कारण सांगते.

१९८३ साल. मी नागपुरात सातवीला इतिहास शिकवत होते. वर्गात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. त्याचे वडील गिट्टीखदानाकडे दगड फोडायच्या कामाला जात. मुलगा अबोल, मागच्या बाकावर बसणारा. एक दिवस तास चालू असताना तो उठून पुढे आला आणि खिशातून एक दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला. गारगोटीसारखा, मातकट. त्यात बोराएवढा एक शंख रुतलेला आणि आजूबाजूला आणखी दोन-तीन.

"बाई, हे कोन्त्या राजाच्या काळातलं आहे?"

अख्खा वर्ग हसला. मला शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका संपवायची होती, घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "अरे, इतिहास माणसांचा असतो, गोगलगायींचा नाही. जा, बस जागेवर." वर्ग आणखी हसला. खरं सांगते, मीही हसले. माझं वाक्य मला तेव्हा फार चतुर वाटलं होतं.

त्याने दगड उचलला, बसला. मधल्या सुट्टीत मी पाहिलं, त्याने तो खिडकीतून बाहेर भिरकावला. नंतर त्याने वर्गात कधी काही विचारलं नाही. आठवीत त्याची शाळा सुटली. ती माझ्या बोलण्यामुळे नाही सुटली, घरच्या परिस्थितीमुळे सुटली. पण शाळेत त्याला धरून ठेवणारी एखादी गोष्ट असती तर, हा विचार मला चाळीस वर्षांत अधूनमधून आला आहे. सॉल्झबरीत नातवाने हाक मारली तेव्हा तर फारच.

नागपूरला परत आल्यावर मी शोध घेतला. आणि माझी मलाच लाज वाटली. नागपूरच्या पश्चिमेला टाकळी आहे, गिट्टीखदानाला लागूनच. तिथल्या दगडातले शंख साऱ्या जगातल्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत! स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी ते आणि त्यांच्याबरोबरची फळं, बिया, किडे गोळा केले आणि त्यांचा लेख १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. ज्यांच्या नावाच्या हिस्लॉप कॉलेजवरून मी हजार वेळा गेले असेन, तेच हे हिस्लॉप. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून ते गेले. मी नागपुरात इतिहास शिकवत होते आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

त्या दगडाची गोष्ट अशी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण लाव्हाच्या रूपाने बाहेर पडत होता. एक थर पसरला की मध्ये मोठा काळ शांतता असे. त्या काळात तळी साचत, झाडं उगवत, गोगलगायी वाढत. मग वरून पुढचा लाव्हा येई आणि तळ्याचा गाळ दोन थरांमध्ये चेपला जाई. त्यात सिलिका मुरून तो गारगोटीसारखा कठीण होई. त्यातला सगळ्यात जास्त सापडणारा शंख म्हणजे फायसा. याचं शास्त्रीय नाव १८४० साली लंडनमध्ये ठेवलं गेलं. पर्बेकच्या शंखाचं टोक वर धरलं तर तोंड उजवीकडे येतं. आपल्या फायसाचं डावीकडे. त्या मुलाच्या दगडातल्या शंखाचं तोंड कुठे होतं, ते मी पाहिलंच नव्हतं.

मागच्या महिन्यात रिक्षा करून टाकळीकडे जाऊन आले. सगळीकडे वस्ती, रस्ते, दुकानं. कुठल्या दगडाकडे बघायचं तेही कळेना. परत आले.

कॉर्फच्या दुकानातून मी पर्बेक मार्बलचा एक छोटा तुकडा आणला आहे. एक बाजू घासून चकचकीत केलेली, दुसरी तशीच. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दोन्ही बाजू दाखवते. माझ्या बहिणीने तर "अगं, आता तू देव्हाऱ्यात ठेवशील तो" म्हणून थट्टा केली. असो.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला असेल. तो हे वाचणार नाही, मला कल्पना आहे. तरी त्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते इथे लिहून ठेवते. बाळा, ते कोणत्याच राजाच्या काळातलं नाही, राजे व्हायच्या फार आधीचं आहे. टाकळीचे हे दगड हिस्लॉप-हंटरांनी वेचायला घेतले तेव्हा मात्र नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं. म्हणजे तुझा प्रश्न इतिहासाचाच होता. चांगला प्रश्न होता. मी हसायला नको होतं.